वाचणाऱ्याचं नाव

साळवे मॅडम वाचताना ओठ हलवायच्या. आवाज मुळीच नाही, नुसते ओठ. प्रिंटरमधून आलेला प्रोग्रॅमचा लांबलचक कागद टेबलावर पसरायचा, त्यावर स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवायची आणि एक ओळ वाचून झाली की पट्टी खाली सरकवायची. इंजिनिअरिंग कॉलेजातून आलेली आम्ही मंडळी त्यांच्या पाठीमागे हसत असू. पहिलीतली पोरं वाचतात तसं वाचतात, असं आमच्यातलं कुणीतरी एकदा म्हणालं होतं. ते कुणीतरी बहुतेक मीच असेन, कारण असलं काही बोलायला मी तेव्हा नेहमी पुढे असे.

मागच्या महिन्यात लहानूचा फोन आला. लहानू आमचा जुना मेकॅनिक, मिरजगावचा. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाला, "साळवे बाई गेल्या. तुमाला कळलं न्हाई ना? मला वाटलंच." मी फोन ठेवला. डोळ्यांसमोर त्यांचा चेहरा आधी आला नाही. ती पट्टी आली, कागदावरून एकेक ओळ खाली सरकणारी.

त्यांच्याबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कुणालाही, बायकोलासुद्धा, सांगितलेली नाही. पण एकदम त्या गोष्टीवर आलो तर मॅडम कोण होत्या हे कळायचं नाही, म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. नगरच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना होता. खेडोपाडी दूध थंड करून ठेवायची जी शीतकेंद्रं असतात, त्यांच्या मशिनरीला लागणाऱ्या कंट्रोलच्या पेट्या आम्ही बनवायचो. पेटीत एक चिप, चिपमध्ये आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम. कॉम्प्रेसर कधी चालू करायचा, कधी बंद, लाईट गेली तर काय, आली तर काय, सगळं त्या प्रोग्रॅमच्या हातात. लिहिणारे आम्ही सहाजण. मॅडम खरं तर त्यातल्या नव्हत्या. डिप्लोमा करून त्या पेट्या तपासायच्या कामावर लागल्या होत्या. पुढे ऑफिसात युनिक्सचं मोठं मशीन, म्हणजे सगळ्यांना मिळून एक कॉम्प्युटर, आलं, त्याच्यासोबत जाडजूड पुस्तकं आली, आणि ती पुस्तकं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणाऱ्या आख्ख्या कारखान्यात त्या एकट्याच निघाल्या. ओठ हलवत. म्हणून मशीन त्यांच्या ताब्यात आलं.

त्या मशीनवर आमचे सगळे प्रोग्रॅम असत. आपली प्रत काढून घ्यायची, बदल करायचा आणि परत जमा करायचा. जमा केलं की कुणी, कधी, काय बदललं याची नोंद मशीन कायमची ठेवी. मॅडमनी एवढ्यावर थांबायचं नाही असं ठरवलं. जमा करायच्या आधी आपोआप चालेल अशी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, त्यांनी लिहिली. ती पसंत पडली तरच मशीन बदल आत घेई, नाही तर दारातून परत पाठवी. डेअरीत दूध घेताना कापडातून गाळतात, त्यावरून त्यांनी तिचं नाव ठेवलं गाळणी.

गाळणी दोन गोष्टी मागे. बदलाचं कारण, आणि तो बदल वाचून पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव. दोन्ही असल्याशिवाय आत प्रवेश नाही. आणि नकार देताना ती मराठीत बोले. अक्षरं इंग्रजी, पण भाषा मॅडमची. 'कारण रिकामं आहे. परत जा.' कुणी नुसतं 'बदल केला' असं लिहिलं की, 'ते दिसतंच आहे. का केला?' आणि कुणी वाचणाऱ्याच्या जागी स्वतःचंच नाव ठोकलं की, 'स्वतःचं स्वतः वाचलेलं चालत नाही.'

मी नवा होतो तेव्हा माझा एक बदल एका सकाळी चार वेळा परत आला. वैतागून मॅडमच्या टेबलापाशी गेलो.

"मॅडम, एक आकडा बदललाय फक्त. त्याला काय वाचायचं?"

"आण कागद," त्या म्हणाल्या. पट्टी ठेवली, वाचलं, मग विचारलं, "हा आकडा ठेवलायस कुठल्या डब्यात?"

प्रोग्रॅममध्ये आकडे ठेवायच्या जागांना त्या डबे म्हणत. लहान डब्यात दोनशे पंचावन्नपर्यंतच आकडा मावतो. त्याच्या पुढे गेला की डबा भरून वाहतो आणि आत उरतं ते भलतंच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, परीक्षेत त्यावर प्रश्नही येत. पण मॅडमनी आपल्या जेवणाचा डबा उघडला, भाकरीवर झाकण दाबून दाखवलं आणि म्हणाल्या, "दूध उतू गेलं तर निदान दिसतं, वास येतो. आकडा उतू जातो तेव्हा आवाजसुद्धा होत नाही. म्हणून आधी विचारायचं, मावतंय का?"

तेव्हापासून 'मावतंय का?' हा ऑफिसात थट्टेचा विषय झाला. चहाचा कप भरताना विचारायचं, जीपमध्ये पाचवा माणूस बसताना विचारायचं. मॅडमही हसत. त्यांना थट्टा चालत असे, न वाचणं चालत नसे. आणि कुणी काही विचारायला आलं की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "लिहिलेलं आहे. वाचा." रजेचे नियम असोत, नोटीस असो, एस्टीचं वेळापत्रक असो. लिहिलेलं आहे, वाचा. कधीकधी राग यायचा. तोंडानं सांगितलं तर यांच्या तोंडाला काय होतं, असं वाटायचं.

आमचे मॅनेजर मुळे साहेब. माणूस वाईट नव्हता पण सतत घाईत. एका दुपारी माल न्यायला टेम्पो दारात उभा असताना त्यांनी स्वतः एक बदल केला आणि कारणाच्या जागी लिहिलं, 'अर्जंट'. गाळणीनं उत्तर दिलं, 'घाई हे कारण नव्हे.' आम्ही सगळे मान खाली घालून आपापल्या स्क्रीनकडे बघत होतो, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं. साहेब तरातरा मॅडमकडे गेले.

"बाई, मी मॅनेजर आहे इथला."

"व्हय साहेब," मॅडम म्हणाल्या. एरवी त्या आमच्याशी पुस्तकी मराठीत बोलत, पण मनातून मजा वाटली की गावची बोली वर येई. "पण गाळणीला खुर्ची दिसत न्हाई हो. बसा, मी वाचते, दोन मिनिटं लागतील."

आणि खरंच दोन मिनिटांत वाचून त्यांनी नाव घातलं. टेम्पो गेला. साहेब हसले, पण ते हसू ओठांपुरतंच होतं. तो प्रसंग त्यांनी लक्षात ठेवला असावा, असं मला नंतर वाटलं.

नियम त्यांना स्वतःलाही सुटत नसे. एकदा आम्ही पाचजण पुण्याला प्रदर्शनाला गेलो होतो, सहावा आजारी, आणि मॅडमना एक बदल जमा करायचा होता. वाचणारं कुणी नाही. दुसरा कुणी असता तर आमच्यापैकी कुणाचं तरी नाव टाकून मोकळा झाला असता. मॅडम कागद घेऊन वर्कशॉपमध्ये लहानूकडे गेल्या. लहानू दहावी नापास. त्याला त्यांनी स्टुलावर बसवलं आणि एकेक ओळ मराठी करून वाचून दाखवली. लाईट गेली की हे होतं, लाईट आली की ते होतं. सगळं ऐकून लहानू म्हणाला, "आन् बाई, लाईट येऊन लगीच परत गेली तर? आमच्याकडं तर दिवसभर त्येच चालतंय."

मॅडम तशाच उठल्या. त्या बाजूचा विचार प्रोग्रॅममध्ये कुणीच केला नव्हता. दुरुस्ती केली, पुन्हा त्याला वाचून दाखवली आणि वाचणाऱ्यांच्या यादीत लहानूचं नाव कायमचं चढवलं. आम्ही पुण्याहून आलो तर लहानू गालातल्या गालात हसत फिरत होता. म्हणाला, "आता तुमी बी आमाला दाखवूनच करायचं बरं का."

त्याच आठवड्यात मी मॅडमना एक प्रश्न विचारला. तो मी विचारला नसता तर फार बरं झालं असतं.

"मॅडम, कुणी न विचारताच दुसऱ्याचं नाव टाकलं तर? गाळणीला काय कळणार?"

"काहीच कळणार नाही," त्या म्हणाल्या. "तिला नाव दिसतं. वाचलं का नाही, ते तिला दिसत नाही."

"मग ते बंद का करत नाही तुम्ही?"

"करता येतं. वाचणाऱ्यानं आपल्या लॉगिनमधून चिठ्ठी ठेवायची, गाळणीनं चिठ्ठी कुणाची ते बघायचं. अवघड नाही." त्यांनी पट्टी हातात घेऊन उगाच पुसली. "पण तेवढं माणसांवर सोडलंय मी. सगळंच कुलपात घातलं तर आपण माणसं इथं कशाला?"

मग त्यांनी विहिरीची गोष्ट सांगितली. ऑफिसात ती दुसऱ्या कुणाला माहीत होती असं मला वाटत नाही. त्यांचं गाव तिसगावच्या पुढची एक वाडी. त्यांच्या वडिलांनी तरुणपणीच दीक्षा घेतलेली, पण अक्षरओळख नव्हती. गावच्या विहिरीवर त्यांच्या वस्तीला पाणी भरू देत नसत. कुणीतरी वर अर्ज केला, चौकशीला माणूस आला. गावातल्या लोकांनी वडिलांना बोलावलं, कागद पुढे केला, सांगितलं की यात लिहिलंय, विहीर सगळ्यांना खुली करावी. वडिलांनी आनंदानं अंगठा उठवला. कागदात लिहिलं होतं, आमची काही तक्रार नाही.

"पुढं कितीतरी वर्षं कुणी पाण्याचं तोंडातून काढलं की तोच कागद दाखवायचे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याच माणसाचा अंगठा आहे की, म्हणायचे. माझी आई लांबच्या ओढ्यावरनं पाणी आणायची, आणि बाबा दारात बसून ऐकायचे. मग ते वाचायला शिकले. मी पहिलीत, ते माझ्याच पाटीवर. आम्ही दोघं बरोबर शिकलो. ते ओठ हलवून वाचायचे, मला बी तीच सवय लागली."

 त्यांच्या वाचण्याला हसणं मी त्या दिवसापासून बंद केलं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच आहे.

आता मी जे केलं ते.

मिरजगावच्या बाजूच्या एका गावातल्या शीतकेंद्रावरून मागणी आली. तिकडे लाईट आल्यावर सुरुवातीला दाब फार कमी असतो, त्यामुळे कॉम्प्रेसर सुरू व्हायच्या आधी तीन मिनिटं थांबतो ते पाच मिनिटं करून द्या. काम माझ्याकडे आलं. प्रोग्रॅममध्ये वेळ सेकंदांत होती. मी एकशे ऐंशी खोडून तीनशे लिहिलं. एक आकडा. लहानू नवी चिप घेऊन जायला निघालेला, जीप चालू करून उभी, मुळे साहेबांच्या दोन हाका येऊन गेलेल्या. मॅडम दोन दिवस रजेवर होत्या. वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, त्याचं ऑपरेशन होतं.

ऑफिसात आणखी दोघं होते. त्यांच्याकडे जाता आलं असतं. पण ते कागद बघणार, प्रश्न विचारणार, एखादा म्हणणार की आधी टेबलावर चालवून बघ. आणि मॅडमचं नाव असलं की पुढे कुणीच काही विचारत नसे. मी कारण नीट लिहिलं, अगदी मॅडमना आवडलं असतं असं. वाचणाऱ्याच्या जागी टाइप केलं, साळवे. गाळणीनं घेतलं. घेताना ती काहीच बोलत नसे, फक्त नकार देताना बोले.

तीनशे लहान डब्यात मावत नाही. दोनशे छप्पन्न बाहेर सांडतात आणि उरतात चव्वेचाळीस. पाच मिनिटं थांबायचा तो कॉम्प्रेसर चव्वेचाळीस सेकंदांत सुरू व्हायला लागला, अर्ध्या दाबावर, दिवसातून दहा वेळा. चौथ्या दिवशी मोटर जळाली. दोन वेळचं दूध टाकीत होतं, आसपासच्या चार गावांचं. उन्हाळ्याचे दिवस. दुसरी मोटर येईपर्यंत सगळं नासलं.

निरोप आला तेव्हा मॅडम रजेवरून परतल्या होत्या. त्या स्वतः लहानूबरोबर जीपनं तिकडे गेल्या. मी गेलो नाही, पोट दुखतंय म्हणालो.  लहानूनं आल्यावर सांगितलं, "लई वंगाळ वाटलं बगा. वढ्यात दूध सोडलं, समदा वढा पांढरा झाल्ता. बाया कडंला हुब्या हुत्या, कुनी शिवी बी दिली न्हाई. बाई पार शेवटपातुर तितंच हुब्या ऱ्हायल्या."

परत आल्यावर मॅडमनी मशीनवर नोंदी काढल्या. मला त्यांच्या खुर्चीची पाठ दिसत होती. प्रिंटर करकरला. त्यांनी कागद घेतला, पट्टी ठेवली. ती पट्टी एका ओळीवर आली आणि तिथेच राहिली. त्या ओळीत काय होतं ते मला माहीत होतं. जमा करणाऱ्याचं नाव माझं, तारीख त्यांच्या रजेची, आणि वाचणाऱ्याचं नाव त्यांचं. त्यांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. कागदाची घडी घातली आणि जेवायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुळे साहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावणं आलं. मॅडमनी तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उचलला, वरखाली नजर फिरवल्यासारखं केलं आणि बोट ठेवलं.

"साळवे मॅडम, हा बदल तुम्ही वाचला होता?"

"लिहिलेलं आहे साहेब. वाचा."

"वाचलंय मी. वाचणाऱ्याचं नाव साळवे."

"सगळी ओळ वाचा."

"सगळी ओळ काय बाई? तुमचंच नाव आहे की यावर. नाव आहे म्हणजे वाचलंय, हा नियम कुणाचा? तुमचाच ना? इथं आम्हाला घाई हे कारण नव्हे म्हणून शिकवता, आणि स्वतः असं वाचता?"

विहिरीच्या गोष्टीतले शब्द जवळजवळ जसेच्या तसे कानावर आले. मॅडमनाही ते ऐकू आले असणार. त्या उभ्या होत्या. त्यांनी साहेबांकडे बघितलं, मग टेबलावरच्या कागदाकडे, आणि मग माझ्याकडे. रागानं नाही. एखादा वर्गात उत्तर देईल म्हणून बाई जशा थांबतात, तशा त्या थांबल्या. बराच वेळ थांबल्या. पंखा फिरत होता. माझ्या नोकरीला तेव्हा दोन वर्षं झाली होती, लग्न ठरत होतं, आणि ही असली कारणं मी आजपर्यंत स्वतःला खूप सांगून पाहिली आहेत. त्यातलं एकही गाळणीनं आत घेतलं नसतं.

मी बोललो नाही.

"नाव माझं आहे," मॅडम म्हणाल्या.

त्यात खोटं काही नव्हतं. सगळ्यांनी ते कबुली म्हणून घेतलं. केबिनमधून बाहेर पडताना कुणीतरी हळूच म्हणालं की शेवटी ही माणसं अशीच, आणि दोघंतिघं हसले. मला ते ऐकू आलं. त्यावरही मी बोललो नाही.

मी रजेवर होते, एवढे तीन शब्द त्या का म्हणाल्या नाहीत, याचा मी किती वर्षं विचार केला असेल. कधी वाटतं मला वाचवायचं होतं. पण ते तितकंसं खरं नाही, तशा त्या भाबड्या नव्हत्या. मला वाटतं, सगळं त्या कागदावर होतं आणि समोर शिकलेली सात माणसं बसली होती. त्यातल्या एकानं तरी आख्खी ओळ वाचावी, एवढीच त्यांची इच्छा होती. तारीख होती, हजेरीबुक शेजारच्या खोलीत होतं. कुणी वाचलं नाही. ज्यानं वाचलं होतं तो गप्प बसला.

मशीन त्यांच्याकडून काढून घेतलं. त्यांना परत पेट्या तपासायच्या कामावर पाठवलं, पहिल्या दिवशी होत्या त्याच स्टुलावर. आणि मशीन कुणाला दिलं, तर मला. साहेब म्हणाले, तू तिच्या हाताखाली शिकलायस. मी ते घेतलं. 

मॅडम माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्या रोज बोलत. पासवर्ड सांगितले, वह्या दिल्या, बॅकअपच्या टेप कशा ठेवायच्या ते दाखवलं. फक्त माझ्या हातचा कागद त्यांनी पुन्हा कधी मागितला नाही. 'आण कागद' हे शब्द मी नंतर ऐकले नाहीत. मी कितीदा तरी ठरवून त्यांच्या स्टुलापर्यंत जाई आणि सोल्डरिंगच्या वासात उभा राहून काहीतरी भलतंच विचारून परत येई. दोन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं नव्हतं, त्यांना आता वाचता येत नव्हतं. पेपर वाचून दाखवायला घरी कुणीतरी हवं, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या.

शेवटच्या दिवशी दुपारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांचंच जुनं टेबल.

"एक बदल उरलाय गाळणीचा. बसू दे जरा."

मी उठलो. त्या बसल्या, पाऊण तासभर टाइप केलं, प्रिंट काढला आणि कागद माझ्यासमोर पसरला. वर स्वतःची पट्टी ठेवली.

"वाच," म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या ओळीतच समजलं. यापुढे वाचणाऱ्याचं नाव नुसतं टाइप करून चालणार नव्हतं. वाचणाऱ्यानं स्वतःच्या लॉगिनमधून चिठ्ठी ठेवायची, गाळणी तिचा मालक बघणार, मगच आत. माणसांवर सोडलेली ती एक फट त्यांनी बंद केली होती. मी पट्टी सरकवत राहिलो. अक्षरं धूसर होत होती म्हणून मला ओठ हलवावे लागत होते. त्या शेजारी बसून होत्या, घाई न करता. शेवटी कारणाची ओळ होती. तिथं लिहिलं होतं, 'माणसांवर सोडलं होतं. चुकलं.'

"वाचलंस?"

"वाचलं."

"कारण बरोबर आहे?"

त्यांनी हात कळफलकावर ठेवला होता आणि त्या थांबल्या होत्या, केबिनमध्ये थांबल्या होत्या तशाच.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"मग वाचणाऱ्याचं नाव तुझं घालू का?"

माझ्या आयुष्यात मला एवढं लागलेलं दुसरं वाक्य नाही. मी जे त्यांना विचारलं नव्हतं, ते त्या मला विचारत होत्या. मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "तोंडानं सांग." मी म्हणालो, "घाला." त्यांनी माझं नाव नीट, सगळी अक्षरं तपासून टाइप केलं. मशीननं काही न बोलता आत घेतलं.

लहानू सुट्टीवर होता म्हणून त्यांची पिशवी घेऊन मी माळीवाड्याच्या स्टँडपर्यंत गेलो. पिशवीत काही विशेष नव्हतं, डबा, दोन वह्या आणि तपासणीच्या टेबलावरचं त्यांचं लहान भिंग. पट्टी त्यांनी माझ्या टेबलावरच राहू दिली.  स्टँडवर पाथर्डीच्या गाडीची गर्दी होती. बाकाशेजारी उभं राहून मी कसाबसा धीर केला.

"मॅडम, त्या दिवशी केबिनमध्ये..."

"लिहिलेलं आहे, अविनाश," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. माझ्या हातातून पिशवी घेतली.

तेवढ्यात गाडी लागली. लोक धावले, खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडायला लागल्या. मॅडम धावल्या नाहीत. गाडीच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या, वर मान केली आणि पाटी वाचायला लागल्या. करंजी, तिसगाव, पाथर्डी. रोजची गाडी, पाठ असलेली पाटी. तरी त्यांनी ती पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचली, ओठ हलवत, आणि मग चढल्या.